प्रवासी क्रमांक पाच

क्रूझ बे, सेंट जॉन
शनिवार, १७ फेब्रुवारी २००७

'मिस आयडा'च्या कॅप्टनबाईंस,

काल आपल्या बोटीतून दिवसभराची सफर केलेल्या सहा प्रवाशांपैकी मी पाचवा. उतरताना आपण प्रत्येकाला कार्ड दिलंत आणि सफर कशी वाटली ते दोन ओळींत कळवा म्हणालात. बाकीचे लोक इंटरनेटवर चांदण्या देतील. मला ते जमत नाही, म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहितो. मराठीत लिहितो, कारण काल माझ्याबरोबरची मुलं दिवसभर मराठीतच बोलत होती आणि आपल्याला त्याचा त्रास झालेला दिसला नाही.

सफर उत्तम झाली. धक्क्यावर आपण सगळ्यांना चपला-बूट काढून टोपलीत टाकायला लावलेत. ओहायोचं ते जोडपं जरा घुटमळलं. आमच्या चौघांच्या चपला मात्र आपण सांगायच्या आधीच निघाल्या होत्या. सदतीस वर्षं या देशात काढली, पण अनवाणी आत जायची जागा घर आणि देऊळ सोडून मला पहिल्यांदाच भेटली.

सुरक्षिततेची माहिती आपण चार मिनिटांत दिलीत. मी एकोणतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात होतो. तिथे एवढीच माहिती द्यायला चाळीस मिनिटं आणि प्रोजेक्टर लागायचा आणि शेवटी कोणाच्या काही लक्षात राहायचं नाही. आपण 'एक हात स्वतःसाठी, एक हात बोटीसाठी' एवढंच सांगितलंत. मी दिवसभर तसाच वागलो.

एक बारीकशी तक्रार केळ्यांबाबत. काल महाशिवरात्र होती. आमच्यातल्या आश्लेषाचा उपास होता आणि तिने डझनभर केळी आणली होती. बोटीवर केळी नेणं अशुभ, असं हसत सांगून आपण ती तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंकडे ठेवायला लावलीत. उपासाच्या बाईची केळी काढून घेणं हेच आमच्याकडे अशुभात मोडतं. पण बोट आपली, तेव्हा अशुभ काय ते ठरवायचा अधिकारही आपला.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. निघण्यापूर्वी आपण इंजिन सुरू केलंत, लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर घेतलात, त्याचं टोक इंजिनाला टेकवलंत, मूठ कानाला लावलीत आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. मग इंजिन बंद करून कुठलासा नट अर्धा फेरा आवळलात आणि पुन्हा ऐकलंत. हल्ली असं कोणी करत नाही, आता त्याला यंत्रं आहेत. हे आपल्याला कोणी शिकवलं, असं विचारणार होतो.

विचारायची गरज नव्हती. १९८४ च्या हिवाळ्यात नोव्हायच्या आपल्या गॅरेजमध्ये, उलट्या बादलीवर उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला ते मीच शिकवलं होतं. नेत्रा, मी तुझा बाप आहे, आणि सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत तुझ्या बोटीवर बसून मी ते कोणाला सांगितलं नाही.

हे पत्र मी पेटीत टाकेन असं वाटत नाही.

गुरुनाथ आगाशे
प्रवासी क्रमांक पाच


नोव्हाय, मिशिगन
रविवार, ४ मार्च २००७

चि. नेत्रा,

ते पत्र माझ्या बॅगेत मोज्यांच्या जोडीत खुपसलेलं होतं. तुझ्या आईला सापडलं. तिने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "हे पत्र आहे की सर्व्हिस रिपोर्ट?" मग शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि काही न बोलता कपडे मशीनमध्ये टाकायला गेली. अहिल्याबाईंचं न बोलणं तुला माहीत आहे. त्यापेक्षा भांडण परवडतं.

म्हणून हे दुसरं पत्र. ते पहिलंही याच पाकिटात घालतोय. अक्षर मोठं काढतोय. रविवारच्या मराठी शाळेत तू सगळ्यात मागे बसायचीस आणि जोडाक्षर आलं की खिडकीबाहेर बघायचीस, हे मी विसरलेलो नाही. अडलं तर आईला फोनवर वाचून दाखवू नकोस. पुन्हा वाच, जमेल.

सुरुवातीपासून लिहितो. माझी बाजू तुला कोणी सांगितलेली नाही, आणि ती काही फार सांगण्यासारखीही नाही.

२००३ मध्ये तू ब्रेकच्या डिझाइनची चांगली नोकरी सोडून कुणाच्या तरी बोटीवर दोर ओढायला गेलीस. मला ते कळलं नाही, आणि जे कळत नाही ते आपल्या पोरीने करू नये असं मला वाटलं. तिथवर ठीक होतं, बापांना असं वाटतं. पुढच्या पाडव्याला आपल्या मराठी मंडळाची परिचय-पुस्तिका निघायची होती. फॉर्मवर 'अपत्ये व त्यांचे व्यवसाय' असा रकाना होता. शेजारच्या घरातला डॉक्टर, समोरच्यांची वकील. मी लिहिलं, 'कु. नेत्रा : सागरी संशोधन, फ्लोरिडा.' त्यातला 'सागरी' एवढा शब्द खरा होता.

त्या वर्षी दिवाळीला तू घरी आलीस. पुस्तिका टेबलावर होती. तू बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलंस, आणि मला विचारलंस, "बाबा, who is she? मला भेटायला आवडेल तिला." मी म्हणालो, लोकांना सगळं कशाला सांगत बसायचं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर गाडीतून उतरताना तू म्हणालीस, "मी काय करते ते लोकांना सांगाल, तेव्हा मला फोन करा. त्याआधी नको."

सव्वादोन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी दहाला तुझी आई आतल्या खोलीतून तुला फोन करते. मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसतो. ती मंडळात कोणाला काही सांगत नाही. खोटं बोलत नाही आणि मला खोटं पाडतही नाही. चहाच्या डब्याच्या कपाटाला आतून तिने तुझ्या बोटीचा फोटो चिकटवलाय. त्यामुळे चहा करायचा म्हटलं की मला रोज सकाळी 'मिस आयडा'चं दर्शन घ्यावं लागतं.

आता मंडळातली ही मुलं. यतीन आणि आश्लेषा पुण्याचे, नकुल नागपूरचा. तिघंही सॉफ्टवेअरमध्ये, तिघंही व्हिसावर, आणि तिघांच्याही पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपलेली. इथे राहायला त्यांना हरकत नाही, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत आत येता येत नाही. त्यामुळे ही मुलं सुट्टीला कुठे जायचं ते नकाशा बघून ठरवत नाहीत, नियम बघून ठरवतात. सेंट जॉन म्हणजे कॅरिबियन समुद्र, आणि तरीही अमेरिका. जानेवारीत यतीन लॅपटॉप घेऊन घरी आला. "काका, हे बघा, small group, only six people. रिव्ह्यूज सॉलिड आहेत यार. तुम्ही येता का? काकूंनापण विचारा."

पडद्यावर कपाटातलाच फोटो होता.

मी म्हणालो, येतो. तुझ्या आईने मात्र साफ नाही म्हटलं. "मी दोनदा जाऊन आले, ते आई म्हणून. गिऱ्हाईक म्हणून नाही जायची." माझा बेत असा होता, की टोपी घालून मागे बसायचं, तुला डोळे भरून बघायचं आणि परत यायचं. काळ्या चष्म्यात तू मला ओळखणार नाहीस अशी माझी समजूत होती. बासष्टाव्या वर्षीही माणूस किती बावळट असू शकतो बघ. यतीनने सगळ्यांची नावं आठवडाभर आधीच तुझ्याकडे पाठवली होती, हे मला धक्क्यावर कळलं.

तू हात पुढे केलास. "वेलकम अबोर्ड. आय अ‍ॅम कॅप्टन नेटी." आधी यतीनला, मग आश्लेषाला, नकुलला, ओहायोच्या दोघांना. मग मला. तेवढाच घट्ट आणि तेवढाच वेळ. "वेलकम अबोर्ड, सर."

तू सगळ्यांना एकेक फॉर्म दिलास, माझ्या फॉर्मवर क्रमांक पाच होता. त्यात एक ओळ होती, 'बेटावर कोणी नातेवाईक असल्यास नाव व फोन.' यतीन माझ्या खांद्यावरून बघत होता. मी लिहिलं, 'कोणी नाही.' तू फॉर्म गोळा केलेस. माझा वाचलास आणि बाकीच्यांच्या खाली सरकवलास.

नेत्रा, आता जे लिहितो ते तुझ्यासमोरच घडलं. पण माझ्या जागेवरून ते कसं दिसलं, हे तुला कुठून कळणार?

बंदराबाहेर आल्यावर तू शिडं चढवलीस आणि इंजिन बंद केलंस. माझं सगळं आयुष्य मोटारीतले आवाज कमी करण्यात गेलं. खडखड, गुणगुण, दाराची करकर. एकेका आवाजामागे सहा-सहा महिने घालवले आम्ही. तू किल्ली फिरवलीस आणि जी शांतता झाली, तशी मला एकोणतीस वर्षांत एकदाही करता आली नव्हती. फक्त पाणी सरकत होतं. मला टाळी वाजवावीशी वाटली. मी टोपी सारखी केली.

मग डोलकाठीवर कुठेतरी बारीक टकटक सुरू झाली. बाकी कोणाला ऐकू आली नाही. मी सांगावं की न सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात तू बोलता बोलता हात लांब केलास आणि एक दोरी ओढून बांधलीस. टकटक थांबली. तुझं बोलणंही अडलं नाही. पाण्याचा रंग बघून तू खडक ओळखत होतीस. ढगाच्या बुडाकडे बघून म्हणालीस, "दहा मिनिटांत पाऊस," आणि मी घड्याळ लावलं. नऊ मिनिटांनी आला.

मुलांची मराठीत बडबड चालली होती. बोटीवर आपल्याशिवाय कोणाला मराठी कळत नाही, याची त्यांना खात्री.

"बाई कसली strict आहे यार," यतीन म्हणाला. "पण जाम भारी चालवते."

"त्रिनिदादची असणार," आश्लेषा म्हणाली. "तिकडे आपले लोक गेले होते ना, उसाच्या मळ्यांवर."

नकुल म्हणाला, "मले तर चेहरा आपल्याकडचाच वाटते."

"हिचे आईबाप कुठे असतील?"

"असतील कुठेतरी," यतीन म्हणाला. "पण proud असतील यार."

तू चार फुटांवर उभी होतीस, शिडाच्या टोकाकडे बघत. मी गुडघ्याकडे बघत होतो.

मग तो पाऊस आला आणि बोट कलली. आश्लेषाने सकाळपासून एक कप चहा सोडला तर काही घेतलेलं नव्हतं. रिकाम्या पोटी समुद्रावर निघणं हे आपल्याच लोकांना सुचतं. ती आधी गप्प झाली, मग पिवळी पडली. इकडे यतीनला वेगळीच धास्ती. "कॅप्टन, दॅट साइड इज ब्रिटिश, राइट? वी हॅव अ स्टॅम्पिंग इश्यू." तू हसलीस. "आय नो ऑल अबाउट स्टॅम्पिंग. आय विल कीप यू इन अमेरिका." त्याला वाटलं, थट्टा करते. पण वारा पलीकडच्या ब्रिटिश बेटाकडे ढकलत होता, तिकडे गेलं असतं तर सगळ्यांना सोपं पडलं असतं, आणि तू तीन वेळा बोट वळवून वाऱ्याशी भांडत अलीकडेच राहिलीस. पाण्यावर रेघ आखलेली नसते आणि नुसतं ओलांडल्याने कोणी शिक्का मागायला येत नाही. तरीही त्या पोराने दिवसभर धास्तावून बसू नये, म्हणून तू ते केलंस. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तुझा एक हात सुकाणूवर होता आणि दुसऱ्या हाताने तू आश्लेषाचा दंड धरला होतास. ती कठड्यावरून ओकत होती. तू वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोललीस. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. मग तिचा हात सुकाणूवर ठेवलास आणि लांबची टेकडी दाखवलीस.

खाडीत नांगर टाकल्यावर तू बिस्किटं वाटलीस, तेव्हा आश्लेषाने मान हलवली. उपासाला बिस्किट कसं चालेल? तू खाली गेलीस आणि वाटीभर शेंगदाणे आणि खजूर घेऊन आलीस. यतीन म्हणाला, "वा! काय coincidence आहे." कुठल्या उपासाला काय चालतं, हे तुझ्या आईने तुला किती सोमवार आणि किती चतुर्थ्या ऐकवलंय ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा म्हणायचो, कशाला पोरीचं डोकं खातेस.

आश्लेषाच्या तोंडावर रंग आला. तू कपात चहा ओतत होतीस. तेव्हा ती मला एकदम म्हणाली, "काका, तुमची नेत्रापण समुद्रातलंच काहीतरी करते ना? फ्लोरिडाला?"

मी म्हणालो, "हो. रिसर्च."

तुझा हात थांबला नाही. चहा काठाच्या जरा खाली आला तेव्हाच तू किटली उचललीस. मला दिलास तो कप बिनसाखरेचा होता, आलं घातलेला. मला साखर वर्ज्य झाली ते २००५ मध्ये. तुला आईने सांगितलं असणार.

मला तिथे बसवेना. बाथरूमला जातो म्हणून मी खाली उतरलो. त्या अरुंद जागेत, पायऱ्यांसमोरच्या भिंतीवर, एक निळा टॉवेल टांगलेला होता. टॉवेल कोरडा, घडीचा. तो तिथे असायचं काही कारण नव्हतं. बाकीचे टॉवेल बाकाखाली नीट रचलेले होते. जी वस्तू विनाकारण जिथे नको तिथे असते, ती उचलून बघायची, ही माझी जुनी सवय.

खाली चौकट होती. त्यात तुझा कॅप्टनचा परवाना. नेत्रा गुरुनाथ आगाशे.

पाचवीत असताना तू शाळेतून रडत आली होतीस. माझ्या नावाच्या मधे पुरुषाचं नाव का, मुलं हसतात. मी म्हणालो होतो, आपल्यात असंच असतं. आपल्यात बापाचं नाव मुलीला कोणी विचारून लावत नाही. इथे जन्मलेल्या किती मुलांनी ते मधलं नाव टाकून दिलं, किंवा नुसतं अक्षर ठेवलं. तू पुरं ठेवलंस. सरकारी शिक्क्यासह भिंतीवर लावलंस, जिथे रोज सहा परकी माणसं पायऱ्या उतरताना वाचतात. आणि त्या एका सकाळी यादीत माझं नाव बघून तू त्यावर टॉवेल घातलास. का, ते मला लगेच कळलं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. माझी लाज राखायला तू स्वतःचं नाव झाकलंस.

मी टॉवेल होता तसा परत अडकवला. हे एवढं लिहायला मला दोन आठवडे लागले.

तू फार चांगली कॅप्टन आहेस. हे मी बाप म्हणून म्हणत नाही, तो हक्क मला नाही. आयुष्यभर यंत्रं चालवणारी माणसं पाहिलेला एक म्हातारा म्हणून म्हणतो. इतकं कमी बोलून, इतकं कमी दाखवून एवढं नेटकं काम करणारं माणूस मी कारखान्यात दोनदाच पाहिलं. त्या दोघांचं मी सगळीकडे कौतुक करत हिंडायचो.

फोन करत नाही. तुझी अट अजून पुरी केलेली नाही.

बाबा


नोव्हाय
रविवार, ११ मार्च २००७

चि. नेत्रा,

पत्र पोचलं असेल. उत्तराची घाई नाही, आणि उत्तर मागायचं तोंडही नाही. फक्त कळवतो.

परिचय-पुस्तिका दर तीन वर्षांनी पाडव्याला निघते, म्हणजे या वर्षी पुन्हा आहे. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस काल होता. मी तो चार वेळा भरला. पहिल्या खेपेला लिहिलं, 'जलपर्यटन व्यवसाय.' तुझ्या आईने चष्म्यावरून बघितलं. दुसऱ्या खेपेला 'सागरी क्षेत्र.' ती म्हणाली, "शेतीवाडी आहे का तिची तिथे?" चौथ्या खेपेला लिहिलं, 'नेत्रा गुरुनाथ आगाशे : शिडाच्या बोटीची कॅप्टन, सेंट जॉन.' तिने पोहे केले.

संध्याकाळी शैलेंद्रचा फोन आला. पुस्तिका तोच बघतो. तीस वर्षांचा स्नेही, पण शंका आली की ऑडिटर होतो.

"गुरुनाथराव, फ्लोरिडाचं काय झालं?"

"फ्लोरिडा नव्हतंच."

"मग मागच्या अंकात?"

"मागच्या अंकात मी खोटं लिहिलं होतं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मागचा अंक काढला असणार. मग म्हणाला, "नुसतं बदलू, की चूकदुरुस्ती म्हणून टाकू?"

नुसतं बदललं असतं तर निम्म्या लोकांच्या लक्षातही आलं नसतं. मी म्हणालो, चूकदुरुस्ती म्हणून टाक. पहिल्या पानावर.

"बरं," तो म्हणाला. "वहिनींना नमस्कार सांगा." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "पोरगी बोट चालवते म्हणजे एकटी चालवते?" मी हो म्हटलं. मग पाऊण तास मी त्याला तुझं सांगत होतो, इंजिन, ढग, तो टकटक आवाज. तुझी आई दोनदा डोकावून गेली.

पण खरं अवघड काम राहिलंय. ही तीन मुलं छापलेलं वाचतील त्याआधी मी त्यांना तोंडाने सांगायला हवं. या आठवड्यात दोनदा यतीनच्या दारापर्यंत गेलो. एकदा तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, पण मी त्याच्याकडून शिडी मागून आणली. शिडीची मला गरज नव्हती.

बाबा


नोव्हाय
रविवार, २५ मार्च २००७

चि. नेत्रा,

काल मंडळाचा पाडवा झाला, नेहमीच्याच शाळेच्या हॉलमध्ये. श्रीखंड पातळ होतं. पुस्तिकांचे खोके स्टेजजवळ ठेवले होते आणि जेवणं झाली की वाटायच्या होत्या. म्हणजे मला फक्त जेवणापुरता वेळ होता.

मी तिघांना बाहेर मुलांच्या लॉकरांपाशी नेलं. यतीनच्या हातात ताट होतं. भाषण तयार केलं होतं ते आठवलं नाही. म्हणालो, "त्या बोटीची कॅप्टन माझी मुलगी आहे. ती फ्लोरिडाला नाही आणि रिसर्च करत नाही. ती तेच करते जे तुम्ही बघितलंत. मी सगळ्यांना खोटं सांगितलं आणि बोटीवर तिच्यासमोर पुन्हा सांगितलं."

यतीन म्हणाला, "काका, म्हणजे ते त्रिनिदाद, ऊस... तिला सगळं कळत होतं? मर गये यार." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

नकुल म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, चेहरा आपल्याकडचा वाटते म्हणून." आणि यतीनच्या ताटातली पुरी उचलली.

आश्लेषा मात्र लॉकरच्या कुलपाकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, मला माहीत होतं."

पाऊस आला तेव्हा तू वाकून तिच्या कानाशी बोललीस ना? तू मराठीत बोललीस. "डोळे मिटू नकोस, लांब बघ. झालं, झालं." ती म्हणाली, तुमच्याच ढंगात, काका, दोनदा 'झालं'. तिने चकित होऊन विचारलं आणि तू सांगितलंस, ते पाचवे प्रवासी माझे बाबा आहेत. वर म्हणालीस, "त्यांना बोलू नकोस. ते स्वतःच सांगतील. He takes his time, पण सांगतील."

"मला राहवलं नाही," आश्लेषा म्हणाली. "म्हणून चहाच्या वेळी मी मुद्दाम विचारलं. वाटलं, तुम्हाला सोपं जाईल. सॉरी, काका."

सॉरी तिने म्हणावं. मी रुमाल शोधायला लागलो, तो सापडेना, तेव्हा यतीनने ताटाखालचा कागदी नॅपकिन दिला. त्याला श्रीखंड लागलेलं होतं.

नेत्रा, सव्वादोन वर्षं मी समजत होतो की तू माझ्यावर राग धरून बसली आहेस. मी त्या रागाला घाबरत होतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आडोशाला बसलो होतो. पोरगी रागावली आहे म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही. मी तुझ्या तोंडावर 'रिसर्च' म्हणालो, त्याच्या अर्धा तास आधी तू एका परक्या मुलीला सांगितलं होतंस की बाबा सांगतील. आणि मी तसं म्हटल्यावरही आलं घातलेला चहा माझ्या हातात दिलास. माझ्यात असं काय बघितलंस, मला कळत नाही. पण तू पाण्याकडे बघून खालचा खडक ओळखतेस, तेव्हा असेल काहीतरी.

पुस्तिका वाटल्या. चूकदुरुस्ती पहिल्या पानावर, जाड अक्षरात. लोकांनी वाचलं. दोघंतिघं जरा विचित्र हसले. दीपाकाकू, शैलेंद्रची बायको, येऊन म्हणाली, "बोटीवर जेवण काय देतात?" अकरा जणांनी तुझा फोन नंबर मागितला आणि मला सगळ्यांना सांगावं लागलं की माझ्याकडे नाही.

घरी येऊन तो तुझ्या आईला विचारला. तिने लिहून दिला नाही. म्हणाली, "पाठ करा." भांडी पुसता पुसता माझ्याकडून सहा वेळा म्हणून घेतला. तुझ्या पाढ्यांच्या वेळी मी तुझ्याशी असाच वागायचो, त्याचा सूड असावा. पुढच्या रविवारी दहा वाजता फोन वाजेल, तो आईचा नसेल. उचलायचा की नाही ते तू ठरव. मी पुन्हा त्याच्या पुढच्या रविवारी करीन.

सोबत तुझ्या बोटीचा फॉर्म जोडलाय, यतीनने छापून दिला. शनिवार, १४ एप्रिल, दोन जागा, मी आणि तुझी आई. केळी आणणार नाही. 'बेटावर कोणी नातेवाईक' या ओळीत नाव लिहायला जागा अपुरी पडली, म्हणून समासात गेलोय. नेत्रा गुरुनाथ आगाशे, मुलगी, याच बोटीची कॅप्टन. नंबर न बघता लिहिलाय, तपासून घे.

आणि तो निळा टॉवेल तिथून काढ. तुझ्या आईला पोहायचं आहे, तिला अंग पुसायला लागेल.

बाबा